सीमेपलीकडचा दावा आणि वकिलांचं शिक्षण

कौटुंबिक दावे सीनियरच्या चेंबरमध्येच शिकायचे, शिबिरं-बिबिरं म्हणजे चहा-बिस्किटांचा कार्यक्रम, असं वकिलांच्या शिक्षणावरच्या या चर्चेत एकानं म्हटलंय. अशिलाला कधी बोलू द्यायचं आणि कधी आवरायचं, हे चेंबरमध्येच कळतं, ते खरं. पण पोटगीच्या अर्जात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं, हा सर्वोच्च न्यायालयाचा रजनेश विरुद्ध नेहा निकाल २०२० चा. सीनियरनंच तो वाचला नसेल तर ज्युनियरला सांगणार कोण? तोंडात बसलेलं, फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं १२५ कलमही १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) १४४ झालंय.

आपल्याकडचा खास मुद्दा मात्र कुणी काढलाच नाही. माहेर कर्नाटकातलं निपाणी, सासर महाराष्ट्रातलं गडहिंग्लज, असली लग्नं सीमाभागात गल्लोगल्ली. नवऱ्यानं गडहिंग्लजला घटस्फोटाचा दावा टाकला, तर तो निपाणीकडं वर्ग करून घ्यायला बायकोला कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाडचं खंडपीठ चालत नाही, मुंबई उच्च न्यायालयाचं २०२५ मध्ये सुरू झालेलं कोल्हापूरचं सर्किट बेंचही नाही. राज्य बदलतंय म्हटल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेचं २५ कलम, म्हणजे थेट सर्वोच्च न्यायालय. (राज्यातल्या राज्यात दावा वर्ग करायच्या २४ कलमाखाली अर्ज टाकून वाट बघत बसलेले लोक बघितलेत मी.) उलट बायकोलाच दावा टाकायचा असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या १९ कलमात २००३ च्या दुरुस्तीनं सोय आहे, ती राहते तिथंच टाकता येतो. बेळगाव आणि कोल्हापूरच्या वकिलांनी मिळून एक शनिवार एवढ्यावरच घ्यावा, वर्गणी मी देतो.