पप्पांच्या स्मरणार्थ चर्चला देणगी: बाक द्यावा की पैसे?

पानमळा:
वसईकर आहे, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पप्पांना जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. आमचा विड्याच्या पानांचा मळा होता. पानं खुडायची घाई असली तरी रविवारची पहिली मिस्सा (चर्चमधली उपासना) त्यांनी चुकवली नाही. उजवीकडचा तिसरा बाक, पंख्याखाली. शेवटच्या आजारात म्हणाले होते, "देवळाला काहीतरी द्या, पण बोभाटा नको."

आता घरात चार मतं. दादाला बाक द्यायचाय, नावाच्या पितळी पट्टीसकट. सुताराने सागवानी बाकाचे 28,000 सांगितले. फादर म्हणाले, बाक पुष्कळ आहेत, छताच्या दुरुस्तीला द्या. धाकटा कॅनडात असतो, तिथलाच पासपोर्ट आहे, तो म्हणतो चर्चचा खातेक्रमांक द्या, थेट पाठवतो. आईला आजीची सोन्याची साखळी मारियामातेच्या पुतळ्याला घालायची आहे.

माझी धास्ती निराळीच. आजीच्या नावाने आम्ही पेटी दिली होती, वाजवायची. मागे सहज चौकशी केली तर कुणाला पत्ताच नाही. कॉयरमधला (चर्चच्या गायकांतला) एकजण म्हणाला, भंगारात गेली असेल. पेटीची ही गत, तर नुसत्या पैशांचं काय होणार? पावतीवर नेमकं काय लिहून घ्यावं?

जुना_खजिनदार:
ताई, सहा वर्षं आमच्या पॅरिशच्या (धर्मग्रामाच्या) फायनान्स कमिटीवर होतो. सोमवारी सकाळी चौघं बसून दानपेटी मोजायचो, नाण्यांच्या दहा-दहाच्या चवडी लावून. त्यात हमखास एखादं पाकीट निघे: "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ", आत 5,000. कशासाठी, कुणाकडून, काही नाही. असले पैसे सर्वसाधारण खात्यात जातात आणि तिथून लाइट बिल, मेणबत्त्या, झाडूवाल्या बाईचा पगार. यात लबाडी काही नाही, पण घरच्यांना वाटत राहतं की आपल्या पैशांचं काहीतरी खास झालं असेल.

हेतू लिहून दिलात की गोष्ट बदलते. चर्चच्या कायद्यातला कॅनन (कलम) 1267 स्पष्ट आहे: ठरावीक कामासाठी दिलेलं दान त्याच कामाला वापरायचं. म्हणून फादरनी बाकाला आधीच नाही म्हटलं ते मला तरी आवडलं. बाकाचे पैसे घेऊन छताला लावले असते तर चूक होती.

आता पट्टीचं. आमच्याकडे एका कुटुंबाने आठ पंखे दिले, प्रत्येकाच्या पात्यावर वडिलांचं नाव रंगवून. काही वर्षांनी तीन जळले. नवे आणले तेव्हा कुणाला सुचलं नाही, जुने वायरमन घेऊन गेला. त्या घरची सून पुढच्या रविवारी वर बघत राहिली आणि मग दोन वर्षं आमच्याशी बोलली नाही. चूक आमचीच. पण झिजणाऱ्या वस्तूवर माणसाचं नाव घातलं की कधीतरी हे होणारच.

तेव्हा पावतीवर अवलंबून राहू नका, तिच्यावर जागा असते दोन बोटं. साध्या कागदावर पत्र करा, दोन प्रती: "वडिलांच्या स्मरणार्थ छताच्या दुरुस्तीसाठी. काम रद्द झाल्यास किंवा रक्कम उरल्यास ती आजारी धर्मग्रामीणांच्या औषधपाण्याला वापरावी." दुसरं वाक्य विसरू नका. ते नसलं की उरलेले पैसे वर्षानुवर्षं पडून राहतात, हात लावायला सगळे घाबरतात. आमच्या बँकेत एका घंटेचे पैसे असेच होते, घंटा केव्हाच टांगून झालेली.

साखळी देण्याआधी आईंना विचारा, नवस आहे की नुसतं दान? नवसाने दिलेली वस्तू विकायची तर रोमची, म्हणजे पोपच्या कार्यालयाची, परवानगी लागते. दान असेल तर सोनाराकडून वजन करून ते पत्रात लिहा. "एक साखळी" एवढंच लिहिलेल्या पावतीला काही अर्थ नाही.

आणि स्मृतिदिनाच्या मिस्सेचं पाकीट वेगळं ठेवा. तो हिशेबच वेगळा.

आकडेमोड:
धाकट्या भावाला आधी थांबवा. जन्म वसईतला असला तरी कॅनडाचा नागरिक म्हणजे कायद्याच्या लेखी परदेशी स्रोत. त्याचे पैसे घ्यायला चर्चच्या ट्रस्टची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावे लागतात. गावच्या बँकेतल्या खात्यात आले तर चर्चच्याच गळ्याला फास. भारतीय पासपोर्ट असता तर ही भानगड नव्हती.

"दादाच्या खात्यात पाठवतो, दादा देईल" हेही चालत नाही. मधल्या माणसाच्या हातून आलेला पैसाही परदेशीच धरतात. त्यापेक्षा त्याने आईच्या औषधांचा नाहीतर स्मृतिदिनाच्या जेवणाचा खर्च उचलावा, नातेवाइकाला घरखर्चाला पाठवायला आडकाठी नाही. छताचे पैसे तुम्ही दोघांनी द्या, चेकने. देणगीवरची आयकर सवलत गृहीत धरू नका, आधी चर्चच्या ऑफिसात विचारा.

उंबरठा:
पट्ट्या नकोच! आमच्याकडे क्रुसाच्या वाटेच्या (येशूच्या दुःखसहनाच्या चित्रांच्या) 14 स्थानांखाली 14 कुटुंबांची नावं आहेत. उपवासकाळात गुडघे टेकले की येशूच्या आधी देणगीदार दिसतो. त्यातल्या एका स्थानावर आमचंही नाव आहे, म्हणून हक्काने बोलतेय.

पानमळा:
सगळ्यांचे आभार. पत्र तसंच्या तसं उतरवून घेऊन दादासोबत ऑफिसात गेले. आधी जुनी वही मागितली. पेटीची नोंद सापडली! 1994, आजीचं नाव, "पेटी 1, कॉयरसाठी". पुढे दुसऱ्या शाईत "दुरुस्तीस दिली". परत आल्याची नोंद नाही. दादा पाच मिनिटं त्या ओळीवर बोट ठेवून उभा होता, मग स्वतःच म्हणाला, बाक राहू दे.

आईला विचारलं, नवस का? म्हणाली, "नवस कसला, तुम्ही तिघं साखळीवरून भांडाल म्हणून." साखळी कपाटात परत गेली. धाकटा रुसलाय, पण जेवणाचा खर्च त्याच्याकडे. फादरनी दोन्ही प्रतींवर सही केली. शिक्का तेवढा राहिलाय, ऑफिसच्या बाई सोमवारी येतील.