नेक्स्ट जेएस ॲप राउटर + स्टाईल्ड कंपोनंट्स: पान आधी स्टाईलविना दिसतं

कोरं_पान (प्रश्न):
नेक्स्ट जेएस १४ (रिॲक्टवरचं वेब फ्रेमवर्क), त्यातला ॲप राउटर, स्टाईल्ड कंपोनंट्स ६ (जावास्क्रिप्टमध्येच सीएसएस लिहायची लायब्ररी). पान उघडताना क्षणभर नुसता मजकूर दिसतो, मग स्टाईल चढते. कॉन्फिगमध्ये कंपायलरखाली 'स्टाईल्डकंपोनंट्स: ट्रू' केल्यावर क्लासनेम न जुळल्याच्या बहुतेक वॉर्निंग गेल्या, पण ही झपक तशीच आहे. जुन्या पेजेस राउटरमध्ये डॉक्युमेंट फाइलमधून स्टाईल गोळा करायचो, तसं इथे जमेल का? आणि प्रत्येक फाइलवर 'यूज क्लायंट' (हा कोड ब्राउझरमध्येही चालतो असं सांगणारी ओळ) लिहावंच लागतं का?

धागादोरा:
या दोन वेगळ्या भानगडी आहेत. कंपायलरच्या पर्यायामुळे क्लासची नावं सर्व्हरवर आणि ब्राउझरमध्ये सारखी राहतात, बस. सर्व्हरवर बनलेलं सीएसएस एचटीएमएलमध्ये घालायचं काम तो करत नाही. डॉक्युमेंट फाइलही इथे उपयोगाची नाही, कारण ॲप राउटर पान तुकड्यातुकड्यांनी पाठवतो आणि प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचं सीएसएस जावं लागतं. त्यासाठी रजिस्ट्री, म्हणजे स्टाईल गोळा करून पानात घालणारा कंपोनंट, लिहा.

वेगळी फाइल, वर 'यूज क्लायंट'. कंपोनंटमध्ये 'सर्व्हरस्टाईलशीट' बनवा, तेही यूजस्टेटला फंक्शन देऊन, म्हणजे ती एकदाच बनते. मग नेक्स्टच्या नॅव्हिगेशनमधला 'यूजसर्व्हरइन्सर्टेडएचटीएमएल' हुक: त्यात 'गेटस्टाईलएलिमेंट'ने स्टाईल घ्या, लगेच शीटच्या इन्स्टन्सवर 'क्लिअरटॅग' चालवा आणि घेतलेली स्टाईल परत करा. शेवटी विंडो असेल (म्हणजे कोड ब्राउझरमध्ये चालत असेल) तर चिल्ड्रन (आत दिलेले कंपोनंट) जसेच्या तसे, नसेल तर 'स्टाईलशीटमॅनेजर'मध्ये गुंडाळून. रूट लेआउटमध्ये बॉडीच्या आत ही रजिस्ट्री लावा.

क्लिअरटॅग विसरलात तर पुढच्या प्रत्येक तुकड्यात मागचे सगळे नियम पुन्हा जातात. शीट कंपोनंटच्या बाहेर, फाइलच्या पातळीवर बनवली तर आणखी वाईट: सर्व्हरवरच्या सगळ्या रिक्वेस्ट एकच शीट वापरतात आणि एकाची स्टाईल दुसऱ्याच्या पानात शिरते.

'यूज क्लायंट' फक्त जिथे स्टाईल्ड वापरता त्या फाइलवर. रजिस्ट्री क्लायंट आहे म्हणून आतलं सगळं क्लायंट होत नाही. चिल्ड्रन म्हणून आलेले सर्व्हर कंपोनंट सर्व्हरचेच राहतात.

तपासायला ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून पान रिलोड करा. स्टाईल दिसली तर जोडणी बरोबर. प्रॉडक्शन बिल्डमध्ये एलिमेंट्स पॅनलमधला स्टाईल टॅग रिकामा दिसतो, त्याने घाबरू नका. तिथे नियम थेट सीएसएसओएममध्ये (ब्राउझरच्या मेमरीतल्या स्टाईल-नियमांच्या रचनेत) घातले जातात.

कोरं_पान:
झपक गेली, आभार! पण डार्क थीम निवडलेली असेल तर क्लासनेम न जुळल्याची वॉर्निंग अजून येते. थीम लोकलस्टोरेजमधून (ब्राउझरमधल्या साठ्यातून) वाचतो.

हायड्रेशन_हवं:
तिथेच गोम आहे. सर्व्हरला लोकलस्टोरेज दिसत नाही, त्यामुळे तो लाइट थीमचं सीएसएस बनवतो. ब्राउझर पहिल्याच रेंडरला डार्क घेतो. क्लासच्या नावातला हॅश (छोटा कोड) सीएसएसच्या मजकुरावरून निघतो, म्हणून नाव बदलतं.

निवड कुकीत ठेवून लेआउटमध्ये वाचा आणि थीमप्रोव्हायडरला द्या. मात्र कुकी वाचली की तो रूट डायनॅमिक होतो, बिल्डच्या वेळी स्टॅटिक बनत नाही. मला दुसरा मार्ग जास्त पटतो: रंग सीएसएस व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि थीममध्ये फक्त व्हेरिएबलची नावं. हेडमधली छोटी स्क्रिप्ट एचटीएमएल टॅगवर डेटा-थीम लावेल, क्लासची नावं दोन्हीकडे तीच राहतील. त्या एका टॅगवर 'सप्रेसहायड्रेशनवॉर्निंग' लावा, कारण ॲट्रिब्यूट रिॲक्टच्या आधीच बदललेलं असतं.

धागादोरा:
सहावी आवृत्ती आहे म्हणून आणखी एक: आता अनोळखी प्रॉप (कंपोनंटला दिलेल्या किमती) आपोआप गाळले जात नाहीत, थेट डॉमपर्यंत, म्हणजे पानातल्या एचटीएमएल टॅगपर्यंत पोचतात. फक्त स्टाईलसाठी असलेल्या प्रॉपच्या नावाआधी $ लावा. आणि माउसच्या हालचालीसारखी सतत बदलणारी किंमत टेम्प्लेटमध्ये घालू नका. प्रत्येक किमतीला नवा क्लास बनतो आणि २०० च्या वर गेले की वॉर्निंग येते. अशी किंमत ॲट्र्समधून (टॅगला ॲट्रिब्यूट द्यायची स्टाईल्ड कंपोनंट्सची सोय) इनलाइन स्टाईल म्हणून द्या.