पकड सुटते तिथेच वजन अडतं : तुमचे अनुभव लिहा

डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचा वजनाचा दांडा धरून सरळ उभं राहणं) माझी पाठ आणि मांड्या १४० किलोला तयार आहेत, बोटं मात्र १३० लाच उघडायला लागतात. दांडा गुडघ्यांच्या वर येईपर्यंत सगळं ठीक असतं. मग उजव्या हाताची करंगळी सुटते, तिच्यामागून अनामिका, आणि दांडा पेरांवरून घरंगळतो. जिममध्ये ज्याला विचारावं तो म्हणतो, मनगट दांड्याला जखडणारे पट्टे बांध. पण पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत पट्टे चालत नाहीत आणि मला यंदा जिल्हा स्पर्धेत उतरायचंच आहे. म्हणून हा धागा काढला. जिममध्ये, तालमीत, मल्लखांबावर किंवा रोजच्या कामात, जिथे कुठे तुमची पकड वाढली असेल, तिथे नेमकं काय केलंत ते खुलासेवार लिहा.

तांबडी माती, कोल्हापूर

आमच्या तालमीत पकडीचा वेगळा व्यायाम असा नव्हताच. फावड्यानं हौदा, म्हणजे कुस्तीची माती, उकरायचा, पाय न लावता दोर चढायचा, आणि थोरल्या पैलवानांचं अंग रगडायचं. फावडं आणि दोर सगळ्यांना ठाऊक असतात, रगडण्याचं महत्त्व फार कमी जणांना कळतं. तेल लावलेली भरदार मांडी अंगठ्यानं दाबत वर न्यायची म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी आग पडते. मुठीत दाबायच्या स्प्रिंगच्या ग्रिपरवर तेवढा जोर अंगठ्याला मिळतच नाही, कारण तिथं काम चार बोटांचं असतं. वस्ताद म्हणायचे, मनगट धरलंस तर अंगठ्यानं धर, बोटं मागनं येतील.

दादा, तुमची करंगळी सुटते म्हणजे दांडा तळव्यात फार आत धरताय, असं मला वाटतं. उचलताना तो खाली घसरतोच, आणि घसरताना बोटं उघडतो. पहिल्यापासूनच बोटांच्या मुळाशी धरून बघा.

वाशीकर

वडील माथाडी. ५० किलोचं पोतं लोखंडी आकड्याशिवाय उचलायची वेळ आली की पोत्याचे कान चिमटीत धरायचे. गोणपाट चिमटीत आलं की सुटू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं तंत्र. ते बघून मी १० किलोच्या दोन प्लेटा गुळगुळीत बाजू बाहेर करून एकत्र चिमटीत धरायला लागलो. आधी नुसतं उभं राहून, नंतर चालत. घरी पाण्याचे २० लिटरचे दोन जार घेऊन जिना चढतो. जारचं हँडल बारीक असतं, बोटांत रुततं, पण त्यानंच बोटं टणक होतात.

हुक ग्रिपवाली, सांगली

मी वेटलिफ्टिंग करते. आमच्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं, तेव्हापासून इथल्या हॉलमध्ये मुलींची गर्दी वाढली आहे. नव्या मुलींना मी पहिल्याच आठवड्यात हुक ग्रिप शिकवते. अंगठा दांड्याला बिलगवायचा आणि तर्जनी व मधलं बोट त्याच्यावरून घट्ट घ्यायचं. दांडा फिरायला लागला की तो अंगठा बोटांखाली आणखी दाबतो, म्हणून सुटत नाही.

दुखतं, हे आधीच सांगते. नखाखाली ठणका लागतो. सुरुवातीला हलक्या वजनावर करा, अंगठ्याला लवचिक टेप लावा (स्पर्धेतही चालते), म्हणजे हळूहळू सवय होते. हात लहान आहेत म्हणून जमणार नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बायकांचा दांडा २५ मिलिमीटरचा असतो, पुरुषांचा २८ चा. मीराबाई चानू तेव्हा ४९ किलो गटात होती, २०२१ मध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये (दांडा आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ११९ किलोचा विश्वविक्रम केला. एवढं वजन नुसत्या मुठीच्या ताकदीवर धरता येत नाही, तिथे हुकच लागतो.

आणि घट्टे वाढू देऊ नका. आंघोळीनंतर वजरीने हलक्या हाताने घासा. उंच घट्टा दांड्यात अडकून फाटला की आठवडाभर सराव बंद.

फिजिओ, नाशिक

बोटं मिटणारे मोठे स्नायू हातात नसून कोपराच्या खालच्या भागात असतात, तिथून कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) मनगटातून बोटांपर्यंत जातात. स्नायू लवकर ताकद धरतात, कंडरा सावकाश. त्यामुळे रोज ग्रिपर दाबणाऱ्यांचा कोपर आतल्या बाजूने दुखायला लागतो. आठवड्यातून दोनदा, तेही व्यायामाच्या शेवटी, पुरे. पाच बोटांभोवती जाड रबर बँड घालून बोटं उघडण्याचा व्यायाम सोबत करा, तो कुणीच करत नाही.

एक तळवा आत, एक बाहेर अशी पकड धरणाऱ्यांनी बाहेरच्या हाताचा कोपर वाकवून ओढू नये. बायसेप्सचा कंडरा तुटण्याचा खरा धोका तिथेच असतो. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील तर पकड वाढवणं थांबवा, आधी डॉक्टरांना दाखवा.

कोकणी घाम, मालवण

वरचं सगळं बरोबर, पण आमच्याकडे पावसाळ्यात तळहातच ओले. जिममध्ये हाताला लावायचा खडू आणू देत नाहीत, भुकटी उडते म्हणून. मी द्रवरूप खडू वापरतो, लावून वाळला की भुकटी उडत नाही. आणि दांडा बघा हो! पुष्कळ जिममधले दांडे ३० मिलिमीटरच्या वर असतात, खरखर घासून गुळगुळीत झालेली असते. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत २८-२९ मिलिमीटरचा, खरखरीत दांडा मिळतो. त्याच हातांनी तिथे १० किलो जास्त उचलणारे मी बघितलेत.

धागाकर्ता

मनापासून आभार. आज व्हर्नियर घेऊन गेलो, आमचा दांडा ३२ मिलिमीटर निघाला, मधली खरखर जवळपास गेलेली. १२० पर्यंत दोन्ही तळवे आत, शेवटच्या उचलीला वर दहा सेकंद धरून ठेवायचं, असं सुरू करतोय. रोइंगला (वाकून दांडा पोटाकडे ओढणं) मात्र पट्टे ठेवणार, नाहीतर पाठीचं काम होत नाही. सांगलीच्या ताई, हुक ग्रिप १०० किलोच्या आत सुरू करू की त्याहून खाली?

हुक ग्रिपवाली, सांगली

६० ला सुरू करा. वॉर्मअपचे सगळे सेट हुकनेच, आणि अंगठ्याचं नख बारीक कापून या.