कुमसाराविषयी एक शंका : मदत हवी आहे

नमस्कार. मी म्हापशाजवळ राहतो, हिंदू आहे. शेजारचे कुटुंब कॅथलिक असून ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात त्यांच्या घरातील वडीलधारी माणसे न चुकता कुमसाराला, म्हणजे पाद्रीपुढे आपल्या पापांची कबुली द्यायला, जातात. एकदा त्यांच्यासोबत इगर्जीत (चर्चमध्ये) गेलो असता लाकडी जाळीपुढची, गुडघे टेकून टेकून गुळगुळीत झालेली फळी पाहिली आणि तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे.

माझ्या वाचनाप्रमाणे पश्चात्ताप, पापाचा उच्चार आणि पाद्री सांगेल ते प्रायश्चित्त ही पापी माणसाची कृत्ये, आणि त्यावर पाद्रीने दिलेली क्षमा, यांनी हा संस्कार पूर्ण होतो. वर्षातून किमान एकदा कुमसार करावा, हा नियम कॅथलिक चर्चच्या 1215 मधील चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने घातला. ऐकलेले पाप पाद्रीने कोणत्याही परिस्थितीत उघड करायचे नाही, हेही ठाऊक आहे. (आपल्याकडे गुपित चार घरे फिरल्यावाचून राहत नाही, म्हणून याचे मला विशेष वाटते.)

अडते ते पुढे. मनापासूनच्या पश्चात्तापाला देव क्षमा करतोच, तर ते दुसऱ्या माणसापुढे बोलून दाखवणे आवश्यक का? ‘ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल’ हे योहानाच्या शुभवर्तमानातील येशूचे वचन त्याचा आधार मानतात, पण त्यात उच्चाराचा उल्लेख दिसत नाही. शिवाय एखाद्याने शेजाऱ्याचे पैसे बुडवले असतील, तर ते परत केल्याविना मिळालेली क्षमा ग्राह्य धरतात का? जाणकारांनी, विशेषतः स्वतः कुमसार करणाऱ्यांनी, कृपया सविस्तर लिहावे.