२ लाखांवर किमी झालेलं इंजिन: दुरुस्त करू, पूर्ण उघडून बांधू, की दुसरं बसवू?

नमस्कार. बाबांची १७ वर्षं जुनी पेट्रोल गाडी आता मी चालवते. १.३ लिटर, चार सिलिंडर, २,१४,००० किमी. दोन मेस्त्रींनी दोन वेगळी टोकं सांगितल्यामुळे तिच्या इंजिनचं काय करायचं तेच कळेनासं झालंय.

लक्षणं सांगते. सकाळी सुरू केली की निळा धूर येतो आणि अर्ध्या मिनिटात थांबतो. लांब उतार गिअरमध्ये उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तसाच एक लोट. चढावर जोर देताना मात्र धूर नाही. भावाला मुद्दाम दुसऱ्या गाडीतून मागे यायला लावून खात्री केली. १२०० किमीला साधारण १ लिटर ऑइल घालावं लागतं, पण गाडी उभी असते तिथे खाली एक थेंब नसतो. आयडलला थरथरते, पिकअप पडलाय. सगळ्यात जास्त भीती वाटते ती ऑइलच्या लाल दिव्याची. इंजिन चांगलं गरम झालं की आयडलला तो लुकलुकतो, रेस दिली की विझतो. पाणी कमी होत नाही, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय नाही, खालून ठोका ऐकू येत नाही.

पहिले मेस्त्री म्हणाले, पिस्टनच्या रिंगा गेल्या, बेअरिंग गेली, फुल इंजिन करा, म्हणजे पूर्ण उघडून बांधा. दुसरे म्हणाले, यात हात घालू नका, वापरलेलं इंजिन आणून बसवू, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. दोघांनी पाच मिनिटं आवाज ऐकला, सायलेन्सरच्या तोंडाला बोट लावून काजळी बघितली आणि निकाल दिला. एकानेही गेज लावला नाही.

गिअरबॉक्स गुळगुळीत आहे, खालचा पत्रा शाबूत आहे, सस्पेन्शनचं काम गेल्याच वर्षी झालंय. गाडी अजून पाच-सहा वर्षं वापरायची माझी मनापासून इच्छा आहे. प्रश्न एवढाच: तीन पर्यायांतला कोणता, हे कशावरून ठरवायचं? आणि मेस्त्रींकडून नेमकं काय तपासून मागायचं?

प्रतिसाद:

ताई, पहिली गोष्ट, त्या लाल दिव्याचा उलगडा होईपर्यंत गाडी चालवू नका. प्रेशर खरंच पडलं असेल तर आज पॉलिशवर निभावणारा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) एका फेरीत ग्राइंडिंगला जातो.

ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावायला सांगा. इंजिन पूर्ण गरम करून आयडलला आणि २००० आरपीएमला रीडिंग घ्या. दर १००० आरपीएममागे साधारण १० पीएसआय हा जुना ठोकताळा आहे, पक्का आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. प्रेशर खरोखर कमी निघालं तर बेअरिंग, ऑइल पंप किंवा संपमधली (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातली) जाळी यांतलं काहीतरी आहे, आणि मग इंजिन खालून उघडावंच लागेल. प्रेशर ठीक निघालं तर दोष स्विचचा, तो बदलला की विषय संपला.

नंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. यातलं एक जरी राहिलं तरी आकडे फसवे येतात. अशा इंजिनला १५० ते १८० पीएसआयच्या आसपास अपेक्षा धरा, पण नुसत्या आकड्यापेक्षा चारांमधला फरक महत्त्वाचा. १० ते १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एखादा सिलिंडर कमी दिसला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर गळती रिंगांतून, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (सिलिंडरवरचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या सांध्यातली पट्टी).

तुमच्या धुराचं वर्णन मला व्हॉल्व्ह स्टेम सीलचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरच्या रबरी सीलचं वाटतं. रात्रभर उभ्या गाडीत कडक झालेल्या सीलमधून ऑइल खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. उतारावर थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये व्हॅक्यूम वाढतो, तोही ऑइल गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून) ओढतो. रिंगा गेलेली गाडी सहसा चढावर, जोर देताना धूर मारते. पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनच्या आतली वाफ इनटेककडे सोडणारा) बघा, तो चोंदला तर चांगलं इंजिनसुद्धा ऑइल खातं.

दुसरा प्रतिसाद:

वापरलेल्या इंजिनबद्दल अनुभवाने सांगतो. दोन दिवसांत काम होतं हे खरं, पण आपण आपला माहितीतला आजार देऊन दुसऱ्याचा माहिती नसलेला आजार घेतो. घ्यायचंच असेल तर बसवण्याआधी त्याचंही कॉम्प्रेशन मोजा, टॅपेट कव्हर उघडून आत काळा गाळ साचलाय का बघा, आणि इंजिन बाहेर आहे तोवरच मागचं क्रँक सील, वॉटर पंप, टायमिंगचा संच बदला. आम्ही ते सील वाचवलं आणि तीन महिन्यांत गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला. इंजिन नंबर नोंदणीच्या कागदांवर असतो, तो बदलून घ्यायचं कामही त्यात धरा.

आणि ‘हाफ’, ‘फुल’ या शब्दांवर व्यवहार करू नका. कुणाचं हाफ म्हणजे फक्त रिंगा आणि हेड, कुणाच्या हाफमध्ये बोअर (सिलिंडरची आतली भिंत) कापून मोठा करणं आणि ओव्हरसाइज पिस्टनही येतात. कोणता भाग बदलणार, कशाचं मशीनिंग होणार, हे कागदावर घ्या.

खर्चाची तुलना गाडी विकून काय येईल त्याच्याशी करू नका, जुनी गाडी त्या हिशेबात नेहमीच हरते. तेवढ्याच पैशांत इतकाच धड पत्रा आणि गिअरबॉक्स असलेली दुसरी गाडी मिळेल का, ते बघा.

धागाकर्ती, नऊ दिवसांनंतर:

दोघांचेही मनापासून आभार. गाडी ओढून तिसऱ्या गॅरेजला नेली आणि समोर उभी राहून सगळं मोजून घेतलं.

ऑइल प्रेशर, गरम इंजिन: आयडलला १८ पीएसआय, २००० आरपीएमला ४२. म्हणजे प्रेशर आहे! त्या स्विचच्या कनेक्टरमध्ये ऑइल शिरलं होतं. नवा बसवल्यावर दिवा विझलाय.

कॉम्प्रेशन: १७०, १६५, ११८, १६८. तिसऱ्यात ऑइल सोडल्यावर १२२, म्हणजे जवळजवळ तेवढंच. मग त्यांनी पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा भरली. तिसऱ्याची गळती ३५ टक्के आणि फुसफुस सायलेन्सरच्या तोंडाशी स्पष्ट ऐकू आली. बाकी तिघांची १० टक्क्यांच्या आत. ऑइलच्या झाकणातून हवा जवळपास नाही, म्हणजे रिंगांतून गळती नाही; रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅस्केटमधूनही नाही.

मेस्त्रींच्या मते तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलाय. हेड उतरवायचं, तो व्हॉल्व्ह बदलायचा, सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा) कापायच्या, सगळे स्टेम सील नवे, हेडची सपाटी तपासून लागलं तरच फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं. आता एकच शंका उरलीय. हेड उतरलंच आहे तर रिंगाही आत्ताच घालून टाकाव्यात का? परत परत उघडायला नको म्हणून घरचे तसं म्हणतायत.

पहिल्या प्रतिसादकाचं उत्तर:

फार बरं वाटलं वाचून. व्हॉल्व्ह जळण्याचं कारणही शोधा. एक्झॉस्टचा टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट) हळूहळू कमी होत गेला की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. त्याची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडला जाते, ती वाट बंद झाली की कड जळते. तुमचे टॅपेट स्क्रूचे असतील तर बाकीच्यांचा क्लिअरन्सही हेड उतरवण्याआधी मोजून लिहून ठेवा.

रिंगांचं हेड उतरल्यावर ठरवा. बोअरच्या वरच्या टोकाला, रिंग पोहोचत नाही तिथे, नख फिरवून बघा. नख अडकेल अशी कड असेल तर बोअर झिजलाय, आणि अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे वाया. त्याला बोअरिंग आणि ओव्हरसाइज पिस्टनच लागतात. कड नसेल आणि भिंतीवर होनिंगच्या (कारखान्यात भिंत घासताना उमटलेल्या) तिरप्या रेघा अजून दिसत असतील तर पिस्टनला हात लावू देऊ नका. बोअर गेजने वर, मध्ये, खाली अशी दोन दिशांत मापं घ्यायला सांगा आणि ती इथे टाका. गळतीचे तुमचे आकडे बघता माझा कल खालचं न उघडण्याकडे आहे.

धागाकर्ती:

हेड सोमवारी उतरणार आहे. मापं त्याच दिवशी टाकते.