जुन्या लाकडी लेथची मोटार नुसती घुमते, उचलत नाही (सोलापूर)

सोलापूरची_कातारीण:

नमस्कार. आमच्याकडे अण्णांच्या वेळची लाकूड कातायची लेथ आहे. बिडाचा बेड, चार पायऱ्यांची पुली आणि खाली मोटार. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, त्यामुळे सुटे भाग मिळत नाहीत. मोटारीच्या पाटीवर रंगाखालून एवढंच वाचता येतं: १ एचपी, सिंगल फेज, २३० व्होल्ट, १४२५ आरपीएम.

अण्णा हिच्यावर खाटेचे पाय आणि पाळण्याचे गज कातायचे. मी लाटणी आणि रव्या करते, सगळा माल संक्रांतीच्या गड्ड्यावर, म्हणजे इथल्या जत्रेत विकते. म्हणजे माझ्या हातात दीड-दोन महिने आहेत.

तक्रार अशी की बटण दाबलं की मोटार नुसती घुमते, पुली जागची हलत नाही. पट्टा काढून पुलीला हाताने फिरकी दिली की लगेच पकडते. एकदा पकडली की काही त्रास नाही. बाभळीच्या लाकडाला पटाशी जोरात लावली तरी दम सोडत नाही. कधी कधी सकाळी आपणहून सुरू होते, मग आठ-आठ दिवस नाही. कंडेन्सर (कपॅसिटर) बदलून बघितला, जुन्यावर लिहिला होता त्याच आकड्याचा. काही फरक नाही.

एका दुकानात दाखवली. न उघडताच त्यांनी सांगितलं की वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) गेलं, भरून घ्या नाहीतर भंगारात घाला. नवी मोटारही पाहून आले. तिच्या पायांची भोकं आमच्या बैठकीशी जुळत नाहीत, आणि आमच्या पुलीचं भोक पाऊण इंचाचं आहे. मला हीच मोटार चालू करायची आहे. वाइंडिंग खरंच गेलं असेल का? कसं ओळखायचं?

तांब्याची_तार:

वाइंडिंग गेलेली मोटार बाभूळ कातत नाही. तुमचं रनिंग वाइंडिंग धडधाकट आहे.

सिंगल फेज मोटारीत दोन वाइंडिंग असतात. रनिंगला वीज कायम मिळते, पण त्यातून नुसती थरथर होते, फिरण्याची दिशा मिळत नाही. ती दिशा स्टार्टिंग वाइंडिंग देतं, कंडेन्सरच्या मदतीने. मोटारीने साधारण पाऊण वेग गाठला की आतला सेंट्रिफ्युगल स्विच, म्हणजे वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या वजनांवर चालणारा स्विच, त्याची वीज तोडून टाकतो. हाताने फिरकी देता तेव्हा स्टार्टिंगचं काम तुम्ही करता. म्हणून दोष स्टार्टिंगच्या वाटेवर शोधायचा: कंडेन्सर, स्विच, किंवा ते वाइंडिंग. कंडेन्सर तुम्ही बदललाच आहे.

दोन गोष्टी आजपासून बंद करा. घुमत असताना दोन-तीन सेकंदांवर बटण दाबून धरू नका. थांबलेली मोटार चालत्यापेक्षा पाच-सहा पट करंट ओढते, आणि आज चांगलं असलेलं वाइंडिंग त्यानेच जळेल. दुसरं, वीज चालू असताना पुलीला हात लावू नका. पुलीत बोट गेलं तर गड्डा राहू द्या, जेवायलाही हात उरणार नाही.

व्हीएफडीवाला:

मी अशाच जुन्या लेथला १ एचपीची थ्री फेज मोटार बसवली आणि सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह (व्हीएफडी, मोटारीचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावला. पट्टा न बदलता वेग कमी-जास्त होतो, पॉलिश पेपर मारताना फार बरं पडतं. एक नक्की बघा. असा ड्राइव्ह २३० व्होल्टच देतो, त्यामुळे ४१५ व्होल्टची मोटार स्टारमधून डेल्टात (वाइंडिंगची टोकं जोडायच्या दोन पद्धती) जोडावी लागते. सहाही टोकं बाहेर काढलेली मोटारच घ्या.

माग_फिटर:

ताई, मी आयुष्यभर यंत्रमागाच्या मोटारी केल्या. आपल्या सोलापुरात गल्लोगल्ली वाइंडर आहेत, पण सगळ्यांचा हात मागावर बसलेला. मागाची मोटार थ्री फेज, तिच्यात ना कंडेन्सर ना स्विच. ती घुमली की एक फेज गेला, नाहीतर वाइंडिंग. तुमच्या मोटारीचं तसं नाही.

तीन गोष्टी सांगा. मोटार चालू असताना बंद करा आणि कान लावा, थांबता थांबता आतून टक् असा आवाज येतो का? प्लग काढून पुली धरून आत-बाहेर ढकला, दांडा सरकतो का? आणि गेल्या काही वर्षांत बेअरिंग बदलले होते का?

सोलापूरची_कातारीण:

काका, टक् आवाज कधी येतो, कधी नाही. बेअरिंग दोन वर्षांपूर्वी बदलले, ६२०४ नंबरचे. आणि दांडा सरकतो! स्केल लावून पाहिलं, चांगला दोन मिलीमीटर. एक गंमतच झाली. पुली मोटारीकडे आत दाबली, हात काढला आणि मग बटण दिलं, तर मोटार आपणहून उचलली. बाहेर ओढून ठेवली तर घुमते. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच.

माग_फिटर:

मग सापडलं बघा. दांड्याच्या मागच्या टोकाला सेंट्रिफ्युगल स्विचच्या वजनांची जुडी असते आणि तिच्यापुढे फायबरची कॉलर. मोटार थांबलेली असताना ती कॉलर मागच्या कव्हरमधल्या पत्तीला दाबून स्विचचे पॉइंट (वीज जोडणारे ठिपके) जुळवते. तुमचा दांडा पुलीच्या बाजूला सरकला की कॉलर पत्तीपर्यंत पोचतच नाही. पॉइंट उघडे राहतात आणि स्टार्टिंगला वीज मिळत नाही.

पुलीकडच्या कव्हरमध्ये बेअरिंगच्या मागे लाटेसारखी वाकवलेली स्टीलची चकती असते, वेव्ह वॉशर म्हणतात. ती दांड्याला मागे रेटून धरते. बेअरिंग बदलताना ती काढून ठेवली आणि परत घातलीच नाही, असं हमखास होतं.

उघडण्याआधी प्लग काढा. कंडेन्सरची दोन टोकं १०० वॅटच्या जुन्या तारेच्या बल्बमधून जोडून आतली वीज उतरवा. कव्हर आणि बॉडी दोन्हीवर पंचने खुणेचे ठिपके द्या, बसवताना त्याच जागी आलं पाहिजे. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने पुसा, तेल अजिबात नको.

सोलापूरची_कातारीण:

काका, रविवारी उघडली. पुलीकडच्या कव्हरची खोबण रिकामीच होती. मागच्या कव्हरमध्ये स्विचवर बाभळीचा भुसा असा बसला होता की नखाने खरवडावा लागला, त्याखाली पॉइंट काळे पडलेले. पुसल्यावर तांबूस चकाकी आली. वाइंडिंगचं वॉर्निश शाबूत आहे, जळका वास नाही.

६२०४ चं बाहेरचं माप ४७ मिलीमीटर, तेवढ्या खोबणीत बसेल अशी वेव्ह वॉशर बेअरिंगच्या दुकानात वीस रुपयांत मिळाली. बसवल्यावर पुली आत-बाहेर ढकलली, तर दांडा बाहेर ओढला की लगेच परत आत जातो. बटण दिलं, एकदाच हुंकार आणि उचलली. बंद केल्यावर स्पष्ट टक्.

भुसा परत जाऊ नये म्हणून मोटारीच्या जाळीवर पातळ फडकं बांधलं तर चालेल का?

माग_फिटर:

फडकं नको. हवा कोंडली की मोटार तापणार. काम झालं की ब्लोअर मारा, आणि मोटार व लेथ यांच्या मध्ये पत्र्याचा आडोसा करा, चारही बाजूंनी हवा खेळती ठेवून.

सोलापूरची_कातारीण:

आडोसा लावला, डालड्याच्या जुन्या डब्याचा पत्रा कापून. आज सकाळपासून अकरा वेळा बंद-चालू केली, अकराही वेळा उचलली. शिसवीची चार लाटणी झाली, पाचवं लेथवर आहे.