इलेक्ट्रोडची 'झीज' की 'क्षरण'?

कोथरूडकर: प्रचंड शक्तीचे विद्युत झटके देणाऱ्या यंत्रणांवरचा लेख मराठीत आणते आहे. त्यातल्या स्पार्क गॅपमध्ये, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या ठिणगी उडायच्या फटीत, दर ठिणगीला इलेक्ट्रोडचा जरासा धातू उडतो. मी लिहिलं, 'झिजेचा अंदाज'. तपासणाऱ्या सरांनी 'झीज' खोडून 'क्षरण' केलं. म्हणे, झीज घासून होते, सहाणेवर चंदन झिजतं तशी. इथे दोन इलेक्ट्रोड एकमेकांना शिवतही नाहीत.

भोसरीचा टूलरूमवाला: ताई, ईडीएमवर, म्हणजे ठिणग्यांनी धातू कोरायच्या मशिनवर, आमचा तांब्याचा इलेक्ट्रोडही जॉबला, कोरायच्या तुकड्याला, शिवत नाही. तरी 'झिजला'च म्हणतो. आधी कोपरे जातात, धार गोल होते. 'क्षरण' म्हटलंत तर शॉपमध्ये कुणाला कळायचं नाही.

पेठेतली: घासायची अट आली कुठून? माणूस आजारपणात झिजतो, घरासाठी झिजतो. 'क्षीयते'चं प्राकृतात 'झिज्जइ' झालं, त्याचं आपलं 'झिजणे'. मुळात अर्थ क्षीण होणं. 'क्षरण' मात्र 'क्षर्'पासून, म्हणजे पाझरणं.

चेतकवाला: मग इथे क्षरणच बसतं! स्कूटरचे पॉइंट आठवा, प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे. एकावर खड्डा, समोरच्यावर तेवढीच गाठ. पॉलिश पेपरने घासून सपाट करायचो. धातू नाहीसा होत नव्हता, पलीकडे जात होता. बाबा म्हणायचे, 'पॉइंट खाल्ले'.

कोथरूडकर: काका, 'पाझरणं' अर्ध्या बाबतीत पटतं. एकूण किती विद्युतभार गेला ते पाहून भाराच्या दर कूलोंबला (ते त्याचं एकक) किती मायक्रोग्रॅम धातू गेला असा हिशेब मांडतात. करंट फार वाढला की पृष्ठभागच वितळतो, थेंब उडतात आणि साधं त्रैराशिक चालत नाही. म्हणून तर तांब्यात टंगस्टन घालतात. तांबं १०८५ अंशांना वितळतं, टंगस्टन ३४२२ला. पण वाफ होऊन जातो तो धातू पाझरला कसा म्हणू?

सदाशिव: 'अंदाज' फारसी आहे, त्याचं कुणालाच काही नाही? 'भाकीत' लिहा.

पेठेतली: भाकीत कुडमुड्या जोशाचं. हवामानाचा आपण अंदाजच ऐकतो. फारसी काढायला बसलात तर 'जमीन'ही सोडावी लागेल.

सदाशिव: निदान 'इलेक्ट्रोड' तरी काढा. शाळेत 'विद्युतअग्र' शिकलो, धनाग्र, ऋणाग्र. किती नेमके शब्द आहेत.

कोथरूडकर: नेमके आहेत, पण या यंत्रणांत पुष्कळदा करंट हेलकावे खातो. एकाच ठिणगीत धनाग्राचं ऋणाग्र होतं, पुन्हा धनाग्र होतं. मग कुठलं अग्र झिजलं म्हणून लिहू?

भोसरीचा टूलरूमवाला: लिहिलंतच की 'झिजलं'.